न फोडलेली प्रत क्रमांक सदतीस

कराड,
९ जानेवारी २०२५

शकुंतलाबाई,

नमस्कार. परवा तुम्हाला फोन केला होता. "मला ऐकू कमी येतं, काय हवं ते कागदावर लिहून पाठवा," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र.

मी वीरधवल जगदाळे. कराडात विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड करायचं माझं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं सगळं स्वतः शिकलो, इंग्रजीसकट, आणि इंग्रजी शिकलो ते भुतांच्या सिनेमांच्या खोक्यांमागचा मजकूर वाचून. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळेच हसतात.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका वाचनालयात, जुन्या पोथीसाठी तुम्ही केलेली पेटी पाहिली. झाकण सोडलं तर ते आपटलं नाही. आतली हवा हळूहळू बाहेर सोडत, अगदी नि:श्वास टाकल्यासारखं खाली बसलं. सात सेकंद लागले. मी घड्याळ लावून तीनदा मोजले, शेवटी ग्रंथपाल बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे एक जपानी पेटी आहे, तिचं झाकण चार सेकंदांत बसतं आणि तिची तारीफ जगभर होते. सात सेकंदांची पेटी सांगलीत, एका गल्लीत होते हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्याकडे डिस्कवरचे सहाशे चौदा भयपट आहेत. लोक म्हणतात, आता सगळं मोबाइलवर दिसतं. दिसतं, पण हातात येत नाही. एका सिनेमाची माझ्याकडे पत्र्याची डबी आहे, तिच्यावरच्या चित्रातल्या हाताच्या शिरा बोटाला लागतात. दुसऱ्या एका खोक्याच्या बाहेरच्या खोळीवर बंद दार छापलंय. खोळ सरकवली की आतल्या पुठ्ठ्यावर तेच दार उघडं, आणि दारात कोणी नाही. कोणीच नाही! पहिल्यांदा ती खोळ काढली तेव्हा भर दुपारी दुकानात मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. ज्या कोणी ते दार रिकामं ठेवायचं ठरवलं, त्याला माझा दंडवत.

आता काम. माझ्या संग्रहात एक मराठी चीज आहे. 'दिवेलागणीची बाई', १९७७, कृष्णधवल. दिवेलागण झाली की हातात कंदील घेऊन एक बाई विहिरीत उतरते, आणि अख्ख्या सिनेमात तिचं तोंड दिसत नाही. २००८ साली मिरजेच्या एका शौकिनानं त्याची खास आवृत्ती काढली, फक्त पन्नास प्रती, प्रत्येकीवर हातानं घातलेला क्रमांक. वर्षभरात तो गृहस्थ वारला. माझी प्रत सदतीस क्रमांकाची. दुसरी प्रत मी आजवर कुठंही पाहिलेली नाही. वरचं पारदर्शक आवरण कारखान्यातून आलं तसं आहे. सतरा वर्षांत फोडलेलं नाही, फोडणारही नाही. तिच्यासाठी मला पेटी हवी आहे.

मापं: लांबी १९१.५ मिलिमीटर, रुंदी १३७, जाडी १६. तीनदा घेतलेली आहेत.

आपला,
वीरधवल जगदाळे


सांगली,
१८ जानेवारी २०२५

वीरधवलराव,

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे. सात सेकंद कुणी मोजले नव्हते. आमचे हे असते तर त्यांनी तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवलं असतं. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजांच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांची बांधणी केली. ते गेल्यावर पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि खळीचं भांडं माझ्याकडे आलं, आणि त्यांचे दोन नियमही. मजकूर कागदावर घ्यायचा, माप वस्तूवर घ्यायचं.

तेव्हा तुमच्या मिलिमीटरांवर पेटी होणार नाही. आकडा म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट. वस्तू हातात आली की तिची ती सांगते, कुठं फुगली आहे, कुठं दबली आहे. वस्तू पाठवा.

आणि राग मानू नका, पण सतरा वर्षं घरात आणून तोंड बघितलं नाही म्हणजे अंतरपाट धरून ठेवल्यासारखंच झालं की हो. भटजी दमले, मंगलाष्टकं संपली. अक्षता कधी टाकायच्या?

मी भुताचे सिनेमे बघत नाही. घरी एकटी असते, मला परवडत नाही.

शकुंतला आपटे


कराड,
२९ जानेवारी २०२५

शकुंतलाबाई,

अंतरपाटाची थट्टा मला आवडली नाही. दुकानात वाचून दाखवली, बाकीच्यांना फार आवडली.

तुमचा गैरसमज दूर करतो. सिनेमा मी बघितलेला आहे. माझ्याकडे त्याची साधी व्हीसीडी आहे. व्हीसीडीवर एक सिनेमा दोन तबकड्यांत येतो, तशाच या दोन. या खास आवृत्तीच्या पाठीवरही 'दोन डिस्क' असंच छापलंय, म्हणजे आत तोच सिनेमा. तो मी चाळीसपेक्षा जास्त वेळा पाहिलाय आणि प्रत्येक शॉट वहीत उतरवलाय. एकूण आठशे अकरा. मग आवरण फोडून मला नवीन काय मिळणार? न फोडलेली वस्तू ही एकदाच न फोडलेली असते. हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे.

मी किती काटेकोर आहे याचं एक उदाहरण देतो, म्हणजे पुन्हा शंका नको. आमच्या आईचं, मनुबाईचं, माहेर म्हसवडजवळ. सिनेमाचं चित्रण त्याच भागातलं. लहानपणापासून आई सांगत आली की नायिका विहिरीत उतरायला घाबरली म्हणून सिनेमावाल्यांनी गावातली बाई मागितली आणि हीच कंदील घेऊन उतरली. वर आणखी तपशील. "चौदावी पायरी तुटलेली हुती, तितं पाय लांब टाकाय लागायचा." अकरा वर्षांचा असताना मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, म्हसवडच्या यात्रेत, तंबूत, आईच्या मांडीला टेकून. भीतीनं तिचा पदर चावून ओला केला होता. तेव्हाच हे वेड लागलं. संपल्यावर आई म्हणाली, "माजं काडून टाकलं वाटतं." मला पटलं होतं तेव्हा.

पुढं मी अभ्यास केला. विहिरीत उतरायचे शॉट तीन. तिन्हीत पायऱ्या सात. चौदावी पायरी मुळात नाहीच. शिवाय त्या बाईचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, आईचं तसं नाही. सहा वर्षांपूर्वी हंबीरदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, नातवाच्या बारशाला आई जमलेल्या बायकांना तीच गोष्ट सांगत होती. मी टीव्ही लावला आणि तिन्ही शॉट थांबवून थांबवून सगळ्यांना दाखवले, पायांच्या बोटांसकट. बायका हसल्या. आई म्हणाली, "आसंल बाबा. तुजं बरोबर आसंल." त्यानंतर तिनं त्या सिनेमाचं नाव कधी काढलं नाही. सांगायचा मुद्दा, मी लिहितो ते तपासून लिहितो.

तरी तुमचा नियम तुमच्या कामापुढं मान्य करतो. आईच्या डोळ्यांचं मिरजेला दाखवणं चालू आहे. नजरेच्या मधोमध काळं झालंय, कडेकडेनं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, हेही उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं. येत्या चार तारखेला हंबीरदादा तिला घेऊन जाणार आहे, तोच पुडकं तुमच्याकडे देईल. फ्लॅनेल, मग फोम, मग पुठ्ठा, या क्रमानं बांधलंय, याच क्रमानं सोडावं. आवरणाला नख लागता कामा नये.

वीरधवल


सांगली,
१६ फेब्रुवारी २०२५

वीरधवलराव,

पुडकं तुमच्या बंधूंनी आणून दिलं. तुम्ही सांगितलेल्या क्रमानं सोडलं.

आधी वाईट बातमी. आवरण मी कापलं.

आता कारण. प्लॅस्टिक सतरा वर्षांत आकसलं होतं आणि पुठ्ठा पोटाशी दीड मिलिमीटर आत ओढला गेला होता. तुमची मापं त्या आवळलेल्या अवस्थेची. आवरणाच्या आत कोपऱ्यात दमट डाग पडले होते, मोहरीएवढे, तीन. कागदाचं मला कळतं. दोन पावसाळ्यांत आतला कागद एकमेकांना चिकटला असता. पातळ पात्यानं, फक्त एका कडेनं कापलं आणि आवरण घडी करून जपून ठेवलंय.

आत दोन तबकड्या आहेत. एकीवर सिनेमाचं नाव. दुसरीवर लिहिलंय, 'वगळलेली दृश्यं'.

सोबत सोळा पानांची पुस्तिका आहे. अकराव्या पानावर एक फोटो. विहिरीच्या पायरीवर नऊवारीतली तरुण बाई, केस मोकळे, हातात कंदील. तिच्या चेहऱ्यावर भीती नाही, घाई आहे. खालचा मजकूर जसाच्या तसा उतरवते:

"विहिरीत उतरणारी बाई: मनुबाई. नायिकेने नकार दिल्यावर या गावच्या बाई बावीस पायऱ्यांच्या विहिरीत उतरू लागल्या. एकच शॉट, दोन मिनिटे दहा सेकंद. मधेच बाईंनी वर पाहिल्याने चेहरा दिसला, म्हणून तो वगळावा लागला. त्या पुन्हा उतरायला तयार झाल्या नाहीत. पुढे दुसऱ्या गावच्या सात पायऱ्यांच्या विहिरीवर, दुसऱ्या बाईला घेऊन तीन छोटे शॉट केले."

मी हे चार वेळा वाचलं. मग खळ झाकून ठेवली आणि त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

शकुंतला आपटे


कराड,
१९ फेब्रुवारी २०२५, सकाळ

तुमचं पत्र आत्ता आलं. "आवरण मी कापलं" इथपर्यंत वाचलं. पुढचं वाचायची माझी इच्छा नाही. स्पष्ट लिहून दिलेलं असताना तुम्ही हे केलंत. पेटी नको. वस्तू उरली असेल तशी बांधून ठेवा, दादा येऊन नेईल.

वी. जगदाळे


कराड,
१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

शकुंतलाताई,

सकाळचं पत्र टपालपेटीत टाकून आलो. मग दुपारी, तुम्ही नक्की कोणती कड कापलीत ते बघावं म्हणून पुढचं वाचलं.

पोस्टात परत गेलो होतो. टपाल उचलून नेलेलं. ते पत्र तुमच्याकडे येईल, त्याला इलाज नाही. ते आलं की चुलीत घाला.

एक कबुली देतो, कारण ती तुमच्या लक्षात येणार नाही आणि माझ्या मात्र कायम राहील. व्हीसीडीला दोन तबकड्या लागतात. डीव्हीडीला लागत नाहीत. दोन तासांचा सिनेमा एकीत मावतो. हे मी या कराडात किमान शंभर लोकांना ऐकवलंय, ऐकायला कुणी मागितलं नसताना. आणि माझ्याच कपाटात, माझ्याच डोळ्यांसमोर सतरा वर्षं 'दोन डिस्क' असं छापलेली डीव्हीडी उभी होती. रोज फडक्यानं पुसत होतो.

पुस्तिका फोमवर आडवी ठेवा. तबकडीच्या चमकत्या बाजूला बोट लावू नका. तुम्ही लावणार नाही, मला माहीत आहे, तरी लिहितो.

आईला अजून बोललो नाही. पाठमोरी बसून कोथिंबीर निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडते आता. मी दारात उभा राहिलो आणि माघारी फिरलो. नुसतं तोंडानं सांगायचं धाडस होत नाही. वस्तू हातात असली म्हणजे सांगेन.

लवकर पाठवा. डॉक्टरांनी उन्हाळा म्हटलंय आणि इथं आत्ताच ऊन तापायला लागलंय.

वीरधवल


सांगली,
२७ फेब्रुवारी २०२५

वीरधवलराव,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. संध्याकाळचं आधी वाचलं, त्यामुळे सकाळचं गोड लागलं. चुलीत घातलेलं नाही, माझ्याकडे चूल नाही.

पेटी नको असं लिहिलंत, पण ती तोवर झाली होती. काळं कापड बाहेरून, आतून राखी कागद. तीन खण, दोन तबकड्यांना, एक पुस्तिकेला. सोडून घेतलेलं आवरण तळाला घडी करून ठेवलंय, तुम्हाला हवं असणार. पेटीला कडी, बंद, चुंबक काहीही लावलेलं नाही. मुद्दाम. तुमच्या हातात बंद करायची सोय दिली की काय होतं ते मी पाहिलं. दुसऱ्या तबकडीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे डाग आहेत, तेव्हा आधी तिची नक्कल काढा.

आता माझी कबुली. डाग खरे होते, पण डागांसाठी मी कापलं नाही. डागांना दोन वर्षं होती.

चार तारखेला बंधूंबरोबर तुमच्या आईही आत आल्या. बंधू औषधं आणायला गेले आणि त्या तासभर माझ्या स्टुलावर बसल्या. त्या मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. माझी सगळी कापडं त्यांनी हातानं चाचपली आणि कुठलं सुती, कुठलं मिसळीचं ते बिनचूक सांगितलं. पुडक्यात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. विहिरीचा विषय मी काढला. तुमचं पत्र वाचलं होतं, राहवलं नाही.

त्यांनी बावीस पायऱ्या सांगितल्या. चौदावी तुटलेली. कंदिलाची काच उजव्या अंगाला तडकलेली. कडेच्या उंबराची फळं पायऱ्यांवर पडून पाय सटकत होता. मग म्हणाल्या, "म्या लेकाला कवा खोटं न्हाई सांगिटलं, बाई. पर त्येच्याकडं यंत्र हाय आन माज्याकडं नुसतं त्वांड. यंत्रापुडं काय बोलायचं?"

त्या गेल्या आणि मी तुमचं पुडकं सोडलं. माझा नियम तुम्हाला माहीत आहे. वस्तू काय म्हणते ते ऐकायचं. मला बाकी ऐकू येत नाही, पण एवढं येतं. दहा दिवस पातं हातात घेत होते, ठेवत होते. मग कापलं. आत काही निघालं नसतं तर तुम्हाला काय लिहिलं असतं, देव जाणे.

पेटीचा कणा मोकळा ठेवलाय. त्यावर काय उमटवायचं तो मजकूर कागदावर लिहून पाठवा. आणि त्यांनी वर का पाहिलं, ते मात्र मी विचारायचं राहिलं. मला तेव्हा ते माहीतच नव्हतं.

शकुंतला आपटे


कराड,
१२ मार्च २०२५

शकुंतलाताई,

पेटी मिळाली. टेबलावर ठेवली, झाकण उचललं, सोडलं. नऊ सेकंद. माझ्या सहाशे चौदांमध्ये असं काही नाही. आता सहाशे पंधरा म्हणायला हवं, कारण पेटी ही स्वतंत्र वस्तू धरली आहे.

नक्कल काढली. तिसऱ्या यंत्रानं डागांवरून न अडखळता वाचलं. पण मी स्वतः बघितलं नाही. आईच्या आधी बघायचा मला अधिकार नव्हता, एवढं तरी उमगलं.

परवा दुपारी जेवणं झाल्यावर खिडकीला गोधडी लावली. हंबीरदादा होता. "भुताचा शिनेमा आन आईला? बीपीची गोळी दिलीस का?" म्हणून त्यानं सुरुवात केली. आईला टीव्हीपासून दोन हातांवर बसवलं. मधलं दिसत नाही, म्हणून तिनं मान खिडकीकडे वळवली आणि डोळ्याच्या कडेनं पडद्याकडे पाहायला लागली. आमच्याकडे पाठ फिरवून, रुसल्यासारखी. मी सांगितलं, "आई, तू हायस त्यात." मी सुरू केलं.

आवाज नाही. मुका शॉट. कॅमेरा विहिरीच्या काठावरून खाली बघतोय. आधी सगळं काळं. मग डाव्या बाजूनं कंदील आला आणि त्याच्या उजेडात एक पाऊल.

ताई, मी पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं हेच बघतोय. कुठं दचकवणार, कुठं संगीत थांबणार, मला आधी कळतं. अंगावर काटा येणं बंद होऊन जमाना झाला होता. त्या बाईनं दुसरी पायरी उतरली आणि माझे हात गार पडले. ती घाबरल्याचं सोंग करत नव्हती. घाबरवतही नव्हती. रोजची वाट असल्यासारखी उतरत होती, आणि उजेड तिच्याभोवती लहान लहान होत चालला होता. त्या आठशे अकरा शॉटमध्ये हा नाही. याच्या जवळपास येईल असाही एक नाही. मी पायऱ्या मोजायला लागलो, सवयीनं.

मी बारापर्यंत आलो असेन. मान खिडकीकडेच ठेवून आई म्हणाली, "आता बग. आता पाय लांब टाकते."

तेरा. मग पडद्यावरच्या पोरीनं नऊवारीचा काठ डाव्या हातानं वर धरला, कंदील खाली केला, आणि एक पायरी सोडून पाऊल पुढं टाकलं.

हंबीरदादा उठून उभा राहिला. मिलिटरीत वीस वर्षं काढलेला माणूस. "आयला," एवढंच म्हणाला. आईसमोर तो असलं बोलत नाही.

"काच उजवीकडनं तडकल्याली हाय बग," आई म्हणाली. मी थांबवून पाहिलं. आहे. बारीक, केसाएवढी. माझ्याकडून सुटली होती.

पुढं सोळाव्या पायरीवर ते झालं. ती उतरता उतरता थांबली आणि एकदम वर पाहिलं. सरळ कॅमेऱ्यात. सरळ माझ्याकडे. भुताचं तोंड शोधत मी आयुष्य काढलं, आणि ते एकवीस वर्षांचं, घामेजलेलं, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, माझ्या आईचं तोंड. भूत नाहीच ते. कुणाचीतरी काळजी लागलेली बाई. मग ती वळली आणि आल्या वाटेनं, भराभर, चौदावी पायरी न बघता ओलांडून वर यायला लागली. कंदील मोठा मोठा होत गेला आणि पडदा पांढरा झाला. संपलं.

मी विचारलं, "आई, वर का बघितलंस?"

"तू रडलास."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. मी सात महिन्यांचा होतो. वर काठावर आजीच्या मांडीवर दिला होता. "मदीच तुजा आवाज आला. शिनेमावाले वरडाय लागले, बाई वर बगू नका, वर बगू नका. म्या म्हनलं, प्वार रडतंय, तुमचा शिनेमा ऱ्हाऊ द्या. वर आले, तुला पाजलं. पुन्यांदा उतरा म्हनलं तर आजी म्हनली, आता न्हाई. लय भुकावलं हुतं लेकरू."

सहा वर्षांपूर्वी भरल्या घरात मी ज्या गोष्टीचा पुरावा दिला, ती घडली होती माझ्यामुळं. तिला सिनेमातून काढणारा मीच. मी म्हणालो, "मग हे का न्हाई सांगितलंस कवा? इतकी वर्षं?"

"काय सांगायचं रं? तुजा एवडा जीव त्या शिनेमावर. तुज्यामुळं गेलं म्हनल्यावर तुला वंगाळ वाटलं आसतं."

मग म्हणाली, "आन सांगिटलं आसतं तरी तू म्हनला आसतास, मी रडलो ते कुटल्या शॉटात हाय, दाव."

दादा हसत सुटला. मी तिच्या पायांशी बसलो होतो. तिनं चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव. अजून दिसतंय तवर बगून घेते." त्या दुपारी अकरा वेळा लावला. दर वेळी चौदाव्या पायरीला ती पुटपुटायची, "लांब टाक," आणि पडद्यावरची ती तिचं ऐकायची.

माझ्या कपाटात न फोडलेल्या अजून एकतीस प्रती आहेत. काल त्यांच्यासमोर उभा राहिलो. पहिल्यांदाच मला त्यांची थोडी भीती वाटली.

कण्यावरचा मजकूर तुमच्या नियमाप्रमाणे कागदावर देत आहे. आईला वाचून दाखवलाय, तिनं एक दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. शेवटची ओळ बाकीच्यांपेक्षा बारीक अक्षरात हवी.

दिवेलागणीची बाई
१९७७
विहिरीत उतरणारी: मनुबाई
पायऱ्या बावीस, चौदावी तुटलेली
वर रडणारा: वीरधवल, वय सात महिने